शेकाची तारीख लांब आहे, तोवर अण्णांच्या दुखण्याचं काय?

प्रश्न: माझे वडील (आम्ही अण्णा म्हणतो, वय ६६) दिंडोरी तालुक्यात आईजवळ राहतात, मी सातपूरला असते. दोन वर्षांपूर्वी त्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. इंजेक्शनांवर बरं चाललं होतं. आता तो कमरेच्या मणक्यात आणि उजव्या खुब्यात उतरलाय. नाशिकमधल्या एका रुग्णालयात डॉक्टर म्हणाले, शेक (रेडिएशन) दिला की दुखणं कमी होईल, पण नंबर २६ दिवसांनी. अण्णा रात्र रात्र बसून काढतात. गावच्या मेडिकलमधून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या दिवसाला चार जातात (पट्टीवर असिक्लोफेनॅक १००, पॅरासिटामॉल ३२५ असं आहे), शिवाय पॅरासिटामॉल ६५०च्या तीन. डॉक्टरांनी ट्रामाडोल-पॅरासिटामॉलची गोळी तीन वेळा लिहिलीय, पण मळमळतं म्हणून कधी देतो, कधी नाही. भाऊ म्हणतो आमदारांची चिठ्ठी आणू, नाहीतर सरळ मुंबईला टाटा हॉस्पिटलात नेऊ. मॉर्फिनचं नाव काढलं तर आई रडायला लागते. हे २६ दिवस काढायचे कसे?
एक वाचक, सातपूर

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रात दोन रांगा एकमेकींत मिसळल्या आहेत. २६ दिवसांचा नंबर लागलाय तो शेकाच्या यंत्रापुढे. दुखणं आटोक्यात ठेवणाऱ्या औषधाला असा नंबर नसतो. आज केसपेपर काढला तर ते आज सुरू होऊ शकतं. घराघरांत हीच गफलत होते. तारीख हातात पडली की घरचे कॅलेंडरकडे बघत बसतात, डॉक्टर धरून चालतात की गोळ्या चालू आहेत, आणि मधले दिवस रुग्ण एकटा सोसतो. त्यात शेकाचा गुण त्याच दिवशी येत नाही. एक ते तीन आठवडे जातात, कधी चार. म्हणजे आजपासून मोजलं तर तुम्हाला दीड-दोन महिन्यांची सोय बघायची आहे. एवढा काळ अण्णांनी बसून रात्री काढाव्यात असं काहीही वैद्यकीय कारण नाही.

आधी घरातल्या गोळ्या. सगळ्या पट्ट्या ओट्यावर मांडा आणि हिशेब करा. दुखण्याच्या चार गोळ्यांतून असिक्लोफेनॅक गेलं ४०० मिलिग्रॅम. दिवसाची मर्यादा २०० आहे, म्हणजे बरोबर दुप्पट. आता पॅरासिटामॉल: त्याच चार गोळ्यांतून १३००, ६५०च्या तीन गोळ्यांतून १९५०, आणि ज्या दिवशी ट्रामाडोलच्या तिन्ही जोडगोळ्या जातात त्या दिवशी आणखी ९७५. बेरीज ४२२५. धडधाकट माणसाला दिवसाला ४००० मिलिग्रॅमच्या वर जायचं नसतं. वजन उतरलेल्या, जेवण तुटलेल्या माणसाला डॉक्टर दोन-तीन हजारांवरच थांबवतात. तीन वेगवेगळ्या पट्ट्यांत एकच औषध लपलेलं असतं, ते असं कळतं.

असिक्लोफेनॅकची भीती जास्त आहे. हाडाच्या दुखण्यावर या जातीच्या गोळ्या खरोखर चालतात, म्हणून त्या सुटत नाहीत. पण त्या जठराला जखम करतात आणि मूत्रपिंडावर ताण देतात. प्रोस्टेटच्या आजारात लघवीची वाट आधीच अडलेली असू शकते. तिथे दुप्पट डोस म्हणजे मूत्रपिंड बिघडायला आमंत्रण. उद्याच रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या, कुठल्याही लॅबमध्ये होतं. अहवाल येईपर्यंत या गोळ्या बंद ठेवा आणि डॉक्टरांना फोन करून तसं सांगा. अहवाल चांगला असेल तर त्या दिवसाला जास्तीत जास्त दोन, जेवल्यावर, त्याही डॉक्टर हो म्हणाले तरच. शौचाला डांबरासारखी काळी झाली किंवा लघवीचं प्रमाण एकदम घटलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

ट्रामाडोल कधी द्यायची, कधी नाही, याचा काहीच उपयोग नाही. मळमळ बहुतेकांना पहिले चार-पाच दिवस होते आणि मग ओसरते. पण अधूनमधून दिली की प्रत्येक वेळी पहिल्या दिवसासारखीच मळमळ होते, आणि दुखणं मात्र तसंच राहतं. डॉक्टरांकडून मळमळ थांबवणारी गोळी लिहून घ्या आणि ती ट्रामाडोलच्या अर्धा तास आधी द्या. ट्रामाडोलला वरची मर्यादा आहे, दिवसाला ४०० मिलिग्रॅम. त्यापुढे झटके येण्याचा धोका वाढतो. पूर्वी कधी फिट आली असेल किंवा झोपेची, नैराश्याची गोळी चालू असेल तर ते आधी सांगायला हवं.

आता डॉक्टरांपुढे दुखणं मांडायचं कसं ते सांगतो. हा भाग बारकाईने वाचा, कारण औषध इथेच ठरतं. 'खूप दुखतं' एवढंच सांगितलं तर डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही. आपल्या भाषेत दुखण्याला किती तरी शब्द आहेत, आणि त्यातला प्रत्येक शब्द वेगळं निदान सांगतो. ठणका लागतो, हलताना, कूस बदलताना, पाय टेकवताना कळ येते, हे बहुधा हाडाचं दुखणं. वीज चमकावी तशी चमक कमरेतून पायात उतरते, भगभग होते, मुंग्या येतात, चादर घासली तरी सहन होत नाही, हे नस दाबल्याचं दुखणं. पहिल्या जातीला मॉर्फिन आणि शेक चांगले लागू पडतात. दुसऱ्या जातीला त्यांच्या जोडीने रात्री अमिट्रिप्टिलीन १० मिलिग्रॅम किंवा गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन अशी औषधं लागतात, आणि शेवटच्या दोघांचा डोस क्रिएटिनिन बघूनच ठरतो. तेव्हा अण्णांना विचारा: ठणकतं की चमकतं? कुठून कुठे जातं? बोटाने दाखवायला सांगा. 'बरंय' म्हणून ते विषय संपवतील. त्यांच्या पिढीला दुखणं बोलून दाखवायचा संकोच असतो. मग आईला विचारा, रात्री किती वेळा उठून बसले.

शाळेची रेघांची वही घ्या आणि पानावर चार रकाने आखा: वेळ, दुखण्याचा आकडा (शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे याहून जास्त कल्पना करवत नाही), काय दिलं, आणि तासाभराने आकडा किती. तीन दिवसांची नोंद पुरते. 'रात्री २ वाजता ९, गोळी दिली, ३ वाजता ८' अशी एक ओळ डॉक्टरांना पाच मिनिटांच्या बोलण्याहून जास्त सांगून जाते.

ही वही घेऊन जायचं कुठे? सुरुवात त्याच रुग्णालयात. शेकाच्या खिडकीवर थांबू नका. 'वेदना व पॅलिएटिव्ह केअरची (म्हणजे त्रास कमी करणाऱ्या उपचारांची) ओपीडी आहे का, कोणत्या वारी असते' हे विचारा. वेदनेचा दवाखाना अनेक ठिकाणी भूलतज्ज्ञ चालवतात, त्यामुळे फलकावर ॲनेस्थेशिया विभाग लिहिलेलं असू शकतं. तिथे सोय नसेल तर त्र्यंबक रोडवरचं सिव्हिल, शालिमारजवळचं विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आणि आडगावच्या वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, या तिन्ही ठिकाणी चौकशी करा. आधी फोन करून एकच नेमका प्रश्न विचारा: 'तोंडाने घ्यायच्या मॉर्फिनच्या गोळ्या तुमच्या औषध विभागात आज आहेत का?' मॉर्फिन गल्लीतल्या मेडिकलमध्ये मिळत नाही. औषध नियंत्रकांची मान्यता असलेल्या संस्थांतच ठेवतात. नुसतं 'पेन क्लिनिक आहे का' विचारून अण्णांना घेऊन गेलात आणि गोळी शिल्लकच नसली, तर दिंडोरीहून ये-जा करण्याची शिक्षा त्यांच्या खुब्याला. चौकशीला आधी तुम्ही एकट्याच फाइल घेऊन जा. शेवटी औषध लिहिताना डॉक्टरांना रुग्ण बघावा लागतो, पण ती खेप एकदाच व्हावी.

आता आईच्या रडण्याबद्दल. त्यांचं चुकत नाही; त्यांनी पाहिलंय तेच त्या सांगतायत. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यात मॉर्फिन ठेवायला इतके वेगवेगळे परवाने लागायचे की बहुतेक रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडलं. मग ते दिसायचं फक्त अखेरच्या दोन-चार दिवसांत, आणि लोकांच्या मनात गाठ बसली: मॉर्फिन आलं की माणूस जातो. २०१४ साली कायदा बदलला, मॉर्फिनसह सहा औषधं अत्यावश्यक ठरली आणि एका मान्यतेत काम होऊ लागलं. गाठ मात्र सुटली नाही. आईला एवढंच सांगा: हे दुखण्याचं औषध आहे, आजार कितव्या पायरीवर आहे याचं माप नाही. शेकाने दुखणं उतरलं की डोसही उतरवतात आणि बऱ्याच जणांचं ते बंद होतं. दुखण्यासाठी, डॉक्टरांच्या मापाने घेणाऱ्याला त्याचं व्यसन लागणं फार क्वचित घडतं. शरीराला सवय होते, म्हणून एकदम बंद करायचं नसतं, हळूहळू उतरवायचं. पण ते वेगळं. आणि योग्य मापात दिलेल्या मॉर्फिनने आयुष्य कमी होत नाही.

ते कसं देतात हे आधीच माहीत असलेलं बरं. साधी गोळी १० मिलिग्रॅमची येते आणि तिचा असर चार तास राहतो. अण्णांच्या वयाला, वजनाला सुरुवात बहुधा ५ने, म्हणजे अर्ध्या गोळीने होईल. वेळा सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १०. मध्यरात्री उठवायला नको म्हणून रात्री १०चा डोस अनेक डॉक्टर दुप्पट देतात. तसं त्यांनी लिहिलं असेल तरच द्या. म्हणजे दिवसाचे झाले ३०. मध्येच कळ उठली तर देण्यासाठी जादाचा डोस लिहून घ्या. तो दिवसाच्या एकूण मापाच्या सहावा हिस्सा असतो, इथे ५. तो दिला तरी पुढचा ठरलेला डोस चुकवायचा नाही. जादाचे किती गेले ते वहीत लिहा. डॉक्टर ती बेरीज धरूनच डोस वाढवतात. चूक सगळ्यात जास्त इथेच होते: 'दुखलं की देऊ' म्हणून सकाळची गोळी राखून ठेवतात. दुखणं एकदा वर चढलं की ते उतरवायला जास्त औषध लागतं. घड्याळाप्रमाणे द्यायचं, आणि तेव्हा दुखत नसलं तरी द्यायचं.

मॉर्फिन सुरू झालं की ट्रामाडोल बहुधा बंद करतात. दोन्ही चालू ठेवायचं का, हे विचारल्याशिवाय घरी येऊ नका.

तुम्ही पाळीत कामाला जात असाल आणि आईला अक्षरओळख नसेल तर पाच छोट्या पुड्या करा आणि त्यावर चित्रं काढा: कोंबडा, वर आलेला सूर्य, डोक्यावरचा सूर्य, दिवा, चंद्र. जादाच्या डोसाची पुडी वेगळ्या रंगाच्या कागदात. रोज रात्री दुसऱ्या दिवसाच्या पुड्या भरल्या की किती गेल्या, किती राहिल्या हे आपोआप मोजलं जातं.

मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतोच, आणि मळमळीसारखा तो ओसरत नाही. म्हणून पहिल्या गोळीबरोबरच रात्री बिसाकोडिल किंवा सेन्नाची गोळी लिहून घ्या, तीन दिवस वाट बघत बसू नका. इथे घरोघरी ईसबगोल देतात, ते देऊ नका. ईसबगोल पाणी ओढून फुगतं. अण्णांचं पाणी पिणं कमी, आतडी मॉर्फिनने मंदावलेली, मग तोच गोळा आत अडकून बसतो. तीन दिवस शौचाला झाली नाही तर डॉक्टरांना कळवा. मळमळीची गोळी पहिला आठवडा ठेवा. पहिले दोन-तीन दिवस अण्णा बरेच झोपतील; त्यात औषधाचा भाग असतो आणि साठलेल्या झोपेचाही. हाक मारली की डोळे उघडून उत्तर देत असतील तर घाबरू नका. हलवूनही जागे होत नसतील किंवा श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी होत असेल तर पुढची गोळी न देता १०८ला फोन करा. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर मॉर्फिन अंगात साठतं, अंगाला बारीक झटके बसतात, माणूस असंबद्ध बोलू लागतो. अशा वेळी डॉक्टर डोस कमी करतात, दोन डोसांतलं अंतर वाढवतात किंवा औषधच बदलतात. क्रिएटिनिन आधी तपासायला सांगितलं त्यामागे हेही आहे.

कातडीवर लावायचे पॅच कुणी सुचवेल. ते महाग असतात, चढायला बारा तास किंवा जास्त घेतात आणि डोस पटकन कमी-जास्त करता येत नाही. फेंटानिलचा पॅच तर आधी मॉर्फिनसारखं औषध न घेतलेल्या माणसाला लावूच नये. गोळी गिळता येतेय तोवर गोळी बरी. पुढे कधी पॅच लावलाच, तर त्यावर गरम पाण्याची पिशवी अजिबात ठेवू नका, उष्णतेने औषध एकदम अंगात उतरतं.

एका गोष्टीसाठी मात्र कोणत्याही तारखेची वाट बघायची नाही. पायातलं बळ नव्याने कमी झालं, चालताना पाय लटपटतात, जांघेत किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा शौचावरचा ताबा गेला, किंवा पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखं दुखू लागलं, तर मणक्यातला आजार मज्जारज्जू दाबतोय असं धरून त्याच दिवशी निघा. रात्रीचे दोन वाजले असले तरी. अण्णांना पाठीवर सरळ झोपवून १०८ने न्या, जीपच्या मागच्या बाकावर वाकवून नव्हे. दारात एवढंच सांगा: 'मणक्यात कॅन्सर आहे आणि पाय गेलेत.' डेक्सामेथासोन (सूज उतरवणारं स्टिरॉइड) लगेच सुरू करावं लागतं, एमआरआय आणि शेक किंवा शस्त्रक्रिया चोवीस तासांच्या आत व्हायला हवी. उपचाराच्या वेळी माणूस चालत असेल तर पुढेही चालत राहण्याची शक्यता चांगली असते. पाय पूर्ण गेल्यावर ते परत मिळणं अवघड. हा परिच्छेद मोबाइलवर फोटो काढून आईच्या आणि भावाच्या फोनमध्ये ठेवा.

खुब्याचंही असंच. पाय टेकवला की जांघेत जीवघेणी कळ येत असेल तर शेकाआधी खुब्याचा आणि मांडीच्या हाडाचा एक्सरे काढायला सांगा. पोखरलेलं हाड मोडायला आलं असेल तर हाडांचे डॉक्टर आधी सळई घालायचं ठरवतात, शेक नंतर. तोवर वॉकर वापरा आणि संडासाला खुर्ची ठेवा. हाडवैद्याकडे नेऊन कंबर बसवून घेणं, पाठीवर पाय देणं, जोराने तेल चोळणं, हे काहीही करू नका. असं हाड साध्या दाबानेही मोडतं.

आता नंबर. २६ दिवस का लागतात ते कळलं तर मागायचं काय हेही कळेल. एका यंत्रावर दिवसभर एकामागून एक रुग्ण झोपवले जातात. त्यातले बरेच तोंडाच्या, घशाच्या, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे असतात; त्यांना आठवड्यातले पाच दिवस, सहा-सात आठवडे रोज यावं लागतं आणि मध्ये खंड पडला तर आजार बरा होण्याची शक्यता घटते. म्हणून त्यांची वेळ कुणी हलवत नाही, आणि ते बरोबरच आहे. अण्णांसारख्यांना उरलेल्या फटीत बसवतात. पण हाडाच्या दुखण्यासाठीचा शेक दहा किंवा पाच बैठकांत देता येतो, तसाच तो एका बैठकीतही देता येतो: ८ ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप), एकदाच. दुखणं कमी होण्याच्या बाबतीत दोन्ही सारखेच ठरलेत. फरक इतकाच की एका बैठकीनंतर पुढे कधी पुन्हा शेक लागण्याची शक्यता जास्त, आणि तो पुन्हा देता येतो. दहा वेळांची जागा शोधण्यापेक्षा एका वेळेची फट शोधणं सोपं. तेव्हा डॉक्टरांना विचारा, 'किती बैठका ठरवल्यात? एकीत होण्यासारखं आहे का?' मज्जारज्जूवर दाब असेल किंवा हाडाची शस्त्रक्रिया झाली असेल तर ते नाही म्हणू शकतात. त्याला कारण असतं.

आमदारांच्या चिठ्ठीऐवजी हा अर्ज द्या. मणक्याचं, खुब्याचं कारण कागदावर असलं की डॉक्टरांना निर्णय घेता येतो. चिठ्ठीने फार तर कुणा दुसऱ्या दुखणाऱ्याला मागे ढकललं जाईल.

'प्रति, विभागप्रमुख, रेडिएशन विभाग. विषय: हाडाच्या वेदनेसाठी शेकाची तारीख अलीकडे मिळणेबाबत. माझ्या वडिलांना (नोंदणी क्रमांक …) दिनांक … रोजीची वेळ मिळाली आहे. गेल्या सात दिवसांत कमरेतील व उजव्या खुब्यातील वेदना दहापैकी आठ आहे. लिहून दिलेली औषधे वेळेवर देऊनही रात्री दोन तासांहून अधिक झोप होत नाही. आधाराशिवाय चालता येत नाही. एका बैठकीत शेक देणे शक्य असल्यास विचार व्हावा. कुणाची वेळ रद्द झाल्यास आमचे नाव घ्यावे. फोन आल्यापासून दोन तासांत रुग्णास हजर करू. वेदनेच्या नोंदवहीची झेरॉक्स सोबत जोडली आहे.'

आकडे तुमच्या वहीतलेच घाला, फुगवू नका. दोन प्रती न्या आणि एकीवर पोच घ्या. मग आठवड्यातून दोनदा, सकाळी काम सुरू व्हायच्या वेळी फोन करा. सणाच्या आदल्या दिवशी बरेच रुग्ण येत नाहीत, तेव्हा हटकून विचारा. यंत्र बंद पडल्यावर मात्र तारखा पुढे सरकतात, त्यामुळे निघण्याआधी त्या सकाळी एकदा खात्री करून घ्या.

तारीख मिळूनही परत पाठवलं जातं ते कागदांमुळे. बायोप्सीचा अहवाल, बोन स्कॅन किंवा एमआरआयच्या फिल्म (नुसता अहवाल चालत नाही, चित्रं लागतात), ताजा पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) आणि क्रिएटिनिन, आधीच्या इंजेक्शनांची तारीखवार यादी, हे सगळं एका फाइलमध्ये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून करायचं असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना (योजनेच्या मदतनीसांना) आजच भेटा. पूर्वमंजुरी आधी व्हावी लागते, आणि ती अडते बहुधा रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही म्हणून. शेकाच्या आदल्या दिवशी हे कळलं तर तारीख गेली. योजनेची चौकशी १५५३८८ या क्रमांकावर होते.

टाटाला न्यायचं का? एका बैठकीच्या शेकासाठी नाही. परळला गर्दी इथल्याहून जास्त आहे आणि पंचवटी एक्सप्रेसने जायचं म्हटलं तरी जाता-येता मिळून सात-आठ तास अण्णांना त्या खुब्यावर बसावं लागेल. इंजेक्शन चालेनासं झालंय, पुढचं औषध कोणतं, या प्रश्नावर तिथलं मत घ्यायचं असेल तर घ्या. पण त्यासाठी फाइल घेऊन भावाने एकट्याने जावं, किंवा टाटाशी जोडलेल्या 'नव्या' (Navya) नावाच्या ऑनलाइन सेवेवर अहवाल पाठवून मत मागावं.

शेकाच्या दिवशी नेमकं काय बिघडतं, तर रुग्णाला सरळ झोपवत नाही. यंत्राचं टेबल कडक असतं, त्याआधी सीटीवर आखणी होते, दोन्हीकडे दहा-पंधरा मिनिटं न हलता पडून राहावं लागतं. दुखण्याने माणूस हलतो, आखणी चुकते, मग 'दुखणं कमी झाल्यावर या' असं सांगतात. दिंडोरीहून निघायच्या पाऊण तास आधी जादाचा डोस द्या आणि डॉक्टरांच्या संमतीने दुसरा सोबत ठेवा. तो टेबलावर जायच्या पाऊण तास आधी लागतो. गाडीत पुढची सीट मागे झुकवा आणि गुडघ्यांखाली गोधडीची घडी द्या. कातडीवर शाईच्या खुणा केल्या तर साबण लावून घासू नका, त्या जागी बाम आणि तेलही नको. कमरेवर शेक असेल तर मळमळ होऊ शकते, तिची गोळी तासभर आधी देतात.

शेकानंतरचे दोन-तीन दिवस दुखणं उलट वाढू शकतं. असं बऱ्याच जणांचं होतं आणि ते उतरतं. काही डॉक्टर त्यासाठी थोडे दिवस डेक्सामेथासोन देतात, आधीच विचारून ठेवा. मॉर्फिन तेव्हा बंद करायचं नाही. मग दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वहीतले आकडे खाली येऊ लागतील आणि कदाचित अण्णा पुन्हा जास्त झोपू लागतील. याचा अर्थ आजार वाढला असा नाही. दुखणं कमी झालं आणि मॉर्फिन तेवढंच राहिलं, म्हणून गुंगी चढते. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, ते दर काही दिवसांनी डोस थोडा थोडा उतरवतील. चार आठवडे होऊनही आकडा खाली आला नाही तर पुन्हा दाखवा.

उरलेल्या गोळ्या कपाटात कुलपात ठेवा, घरात लहान मूल असेल तर पहिल्या दिवसापासून. संपल्यावर उरतील त्या मोजून, ज्या औषध विभागातून घेतल्या तिथेच परत नेऊन द्या.